वाऱ्यानं नेलं तर नेऊ दे!

नातवंड सांभाळायची वेळ आली, की आजीला आपलं निम्मं शहाणपण पुन्हा तपासून घ्यावं लागतं. 'आमच्या वेळी असं नव्हतं हो' हे वाक्य तर मी पहिल्याच आठवड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. दूध कोमट द्यायचं की गार, टी.व्ही. किती वेळ, मोबाईल द्यायचा की नाही, या सगळ्याला सूनबाईंनी नियम घालून दिलेत आणि खरं सांगायचं तर त्यातले बहुतेक शहाणपणाचेच आहेत. पण एका प्रश्नाचं उत्तर काही नियमांच्या वहीत सापडेना. पाच वर्षांची मुलगी चित्र काढायचंच नाही म्हणते, तेव्हा काय करायचं?

आमच्या नातीचं पाळण्यातलं नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण मी तिला ठकीच म्हणते. आईबाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती माझ्या ताब्यात. म्हणजे मी तिच्या ताब्यात! चार वर्षांची होईतो फरशी, दार, आजोबांच्या वर्तमानपत्राचा कोरा काठ, काही म्हणून सोडत नव्हती. मग शाळेत रंगवायची पुस्तकं आली. रंग रेषेबाहेर गेला, की पानाच्या कोपऱ्यात लाल शाईचा शेरा. एकदा तिनं हत्ती हिरवा रंगवला. "हत्ती कधी हिरवा असतो का?" असं भर वर्गात विचारलं गेलं. पोरं हसली. पोरं हसायचीच! पण त्या दिवसापासून ठकीनं खडू हातात घेणं सोडलं. मी कागद पुढे केला, की म्हणायची, "आजी, तूच काढ. मला येत नाही."

पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडून 'मला येत नाही' ऐकलं, की पोटात कसं कालवतं म्हणून सांगू! आपल्यापैकी कितीजणींनी हे वाक्य जन्मभर पदराच्या गाठीला बांधून ठेवलंय, आठवून बघा. गाणं? छे, मला नाही येत. चारचौघांत बोलणं? नको गं बाई. आईच्या पोटातून काही कुणी हे शिकून येत नाही. कधीतरी कुणीतरी हसलेलं असतं, कुणीतरी लाल शाईनं शेरा दिलेला असतो. पण ते इतक्या कोवळ्या वयात व्हावं, हे काही माझ्या मनाला पटेना.

सूनबाईंनी चोवीस रंगांची नवी पेटी आणून दिली. ती उघडलीसुद्धा गेली नाही. आजोबांनी लाडीगोडी लावून पाहिली. तीही वाया गेली. मग फेब्रुवारी उजाडला आणि आमच्या मदतीला धावून आलं ते आवारातलं बदामाचं झाड.

हा बदाम म्हणजे शिऱ्यात घालायचा नव्हे. मुंबईत जागोजागी दिसतो तो देशी बदाम, छत्रीवर छत्री ठेवावी तशा फांद्यांचा. हिवाळा सरता सरता याची तळहाताएवढाली पानं पिवळी, नारिंगी, मग लालबुंद होतात आणि गळून पडतात. परळच्या आमच्या चाळीत या दिवसांत सकाळ-संध्याकाळ झाडलं, तरी आवार भरलेलंच. त्या दुपारी मी पायरीवर डाळिंब्या सोलत बसले होते आणि ठकी खाली पानं गोळा करत होती. थोड्या वेळानं बघते तर काय, तिनं पानं ओळीनं मांडली होती. आधी हिरवं, मग हिरव्यात पिवळं डोकावणारं, मग पिवळं, नारिंगी, तांबडं आणि शेवटी वाळून तपकिरी झालेलं. शिकवलं कुणी नव्हतं.

"हे काय गं ठके?"

"पानांची आगगाडी."

मी मुकाट्यानं डाळिंब्या सोलत राहिले. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि निम्मी गाडी उडून गेली. आता भोकाड पसरणार, म्हणून मी पदर खोचून उठणार, तोच ठकी टाळ्या पिटत ओरडली, "आजी, गाडी सुटली!" आणि पुन्हा पहिल्या डब्यापासून मांडायला बसली.

त्या रात्री बराच वेळ माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. कागदावरची रेघ चुकली, की चुकली. खोडरबर लावला तरी डाग उरतोच. पान मात्र जागेवर बरं दिसलं नाही तर उचलून दुसरीकडे ठेवता येतं. इथं रेषाच आखलेली नाही, तेव्हा बाहेर जायचा प्रश्नच येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळपर्यंत हे उरणारच नाही. मग त्याला गुण कोण देणार आणि त्याला हसणार तरी कोण? जे टिकवायचंच नाही, तिथं चुकायचं भय नाही. ठकीला नव्या रंगांची गरज नव्हती. निर्धास्तपणे बसता येईल अशी जागा तिला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून आमचा हा उद्योग रीतसर सुरू झाला. आगगाडीनंतर मासा झाला, बकुळीच्या फुलांचे डोळे लावलेला मोर झाला, काड्यांचं घर झालं. हळूहळू आम्हाला झाडांचं वेळापत्रक कळायला लागलं. फेब्रुवारी-मार्च बदामाचा. मार्च लागला, की सोनमोहराचा पिवळा सडा. त्यासाठी आम्ही दादरला पारशी कॉलनीच्या सावलीतल्या रस्त्यांवर जातो आणि पिशवीभर हळदीसारख्या पाकळ्या घेऊन येतो. एप्रिलमध्ये ताम्हण जांभळी होते. आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल ते हेच, हे मी ठकीला सांगितलं, तर तिनं विचारलं, "मग याला मुकुट कुठाय?" आणि लगेच काड्यांचा मुकुट करून त्यात फूल बसवलं. मे महिन्यात गुलमोहर. त्याच्या फुलांतले तुरे अडकवून कोंबड्यांची झुंज लावायची, कळीची साल नखांवर चिकटवून राक्षसीण व्हायचं, हे सगळं मी गिरगावच्या वाडीत लहानपणी केलेलं आता साठ वर्षांनी पुन्हा केलं. हात विसरले नव्हते.

रविवारी आमची स्वारी शिवाजी पार्कात. आजोबा कट्ट्यावर मित्रांत रमतात आणि आम्ही दोघी वर्षावृक्षांखाली. त्याची गुलाबी कुंचल्यासारखी फुलं उन्हाळ्यात खाली पडतात, काळसर शेंगाही पडतात आणि पार्काची लाल माती तर काय, आयता रंगीत कागदच! हे मैदान महापालिकेनं १९२५ साली लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ साली शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहामुळे. क्रिकेटच्या गोष्टी इथं कुणीही सांगेल, म्हणून अवंतिकाबाईंची गोष्ट मी मुद्दाम ठकीला सांगते. एका बाईनं धरलेला आग्रह जवळजवळ शंभर वर्षं टिकलाय, हे तिच्या कानावर पडलेलं बरं.

पाऊस संपता संपता पहाटे लवकर जाग आली, तर दादर स्टेशनाबाहेरच्या फुलबाजारात जाऊन येते. तिथं झेंडू, शेवंती, अष्टर यांचे ढीग उतरत असतात आणि तुटलेली, दबलेली फुलं बाजूला पडतात. ओळखीची फुलवाली ती पोस्तभर देते आणि वर म्हणते, "नातीसाठी ना? न्या." देवाला न चालणारी ही फुलं आमच्या चित्राला मात्र उत्तम चालतात.

आणि माहेरी गिरगावात गेलो, की चौपाटी ठरलेली. ओल्या वाळूचा डोंगर, त्यात बोगदा, भोवती शिंपल्यांचा कोट. भरतीची लाट आली, की सगळं सपाट. ठकी आता लाटेची वाट बघत बसते. "ये गं ये, घेऊन जा," म्हणते.

मैत्रिणींनो, हे काही आमच्या ठकीनं किंवा मी शोधून काढलेलं नाही. नीट आठवून बघा. हरतालिकेला आपण वाळूचं शिवलिंग करतो, पत्री वाहतो आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन करतो. गणपतीत कितीतरी घरांत खड्यांची गौर येते. पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे उचलून आणायचे, तीन दिवस त्यांना माहेरवाशीण मानून जेवूखाऊ घालायचं आणि परत पाण्यात सोडायचं. चातुर्मासात गोपद्मं, चैत्रात चैत्रांगण. सूर्य, चंद्र, शंख, चक्र, तुळशीवृंदावन, हत्ती, कासव, फणी, आरसा, करंडा, पाळण्यातली गौर. सगळा संसार बोटांच्या चिमटीतून अंगणात उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी सडा घालून पुन्हा कोरी जमीन करायची. दिवाळीत पोरं चिखलमाती, दगड, गोणपाट घेऊन किल्ला करतात आणि त्यावर अळीव पेरतात, म्हणजे चार दिवसांत हिरवळ! २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. खऱ्या किल्ल्यांचा मान मोठाच, पण लालबाग-परळच्या आवारांतल्या मातीच्या किल्ल्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या रायगड आणि सिंधुदुर्ग पोरांच्या नखांत भरवला आहे.

जुन्या ग्रंथकारांनीही याची दखल घेतलेली आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे, तिच्यात तांदूळ आणि फुलं यांनी आकृत्या रचणं ही एक कला म्हणून मोजली आहे. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात रांगोळीला धूलिचित्र म्हटलं आहे. आणि श्रीकुमाराच्या शिल्परत्नात तिचं आणखी एक नाव येतं, ते मला फार आवडलं. क्षणिक चित्र! आपल्या आया, आज्या, पणज्या रोज पहाटे उठून क्षणिक चित्र काढत होत्या आणि वर म्हणत होत्या, "मला कुठं काय येतं?" त्यांची एकही रांगोळी कुठल्या संग्रहालयात नाही, एकीचंही नाव कुठं कोरलेलं नाही. पण हात मात्र आईकडून लेकीकडे येत राहिला. केरळात ओणमचे दहा दिवस दारात फुलांची मांडणी चालते. तिबेटी भिक्षू दिवसेंदिवस खपून रंगीत वाळूचं मंडल रचतात, पूर्ण झालं की झाडून गोळा करतात आणि ती वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. आपण काही एकट्या नाही.

हे मी जेवताना सांगत होते, तर चिरंजीवांनी मोबाईलवर एका ब्रिटिश कलावंताची कामं दाखवली. अँडी गोल्ड्सवर्दी त्याचं नाव, जन्म १९५६ चा. हा गृहस्थ जंगलात, नदीकाठी जाऊन पानं, दगड, बर्फ यांची चित्रं करतो, पानं काट्यांनी एकमेकांना टाचतो आणि फोटो काढून झाला, की सगळं ऊन-पाण्याच्या हवाली करतो. जगभर त्याचं नाव आहे. ठकीनं सगळं बघितलं आणि म्हणाली, "या काकांना पण आजी आहे का?" मी मात्र ती टाचलेली पानं बघून म्हटलं, "अरे, काडीनं टाचलेली पत्रावळ ती हीच की!"

चित्राच्या निमित्तानं मला सारखी आठवण येते ती ताराबाई मोडकांची. दादरच्या शिशुविहाराशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, हे इकडच्या जुन्या मंडळींना सांगायला नको. माँटेसरी पद्धतीची साधनं महागडी, ती खेड्यापाड्यांतल्या मुलांना कुठून मिळणार, म्हणून १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी खडे, शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं यांचीच साधनं केली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाईंचाच. आता तो देशभर सरकारी कागदांत आहे, पण त्यातलं अंगण मात्र आपण विसरत चाललो आहोत. पान मोजता येतं, लहानमोठं लावता येतं, खरखरीत-गुळगुळीत ओळखता येतं, जोडीला जोडी लावता येते. ठकीला पंचवीसपर्यंत मोजायला मी शिकवलं नाही, ते गुंजेएवढ्या खड्यांनी शिकवलं.

आता सूनबाईंची बाजूही सांगायला हवी, कारण ती रास्त आहे. पहिल्या दिवशी मातीनं माखलेली लेक बघून ती म्हणाली, "आई, तुम्ही करताय ते छान आहे हो, पण काही चावलं, काही तोंडात घातलं, म्हणजे?" मी वाद घातला नाही. दोघींनी मिळून नियम ठरवले. तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून देते.

फक्त गळून पडलेलं घ्यायचं, झाडावरचं तोडायचं नाही. हा पहिला आणि शेवटचा नियम. कण्हेर, विशेषतः पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, रुईचा चीक, धोतरा, एरंडाच्या बिया आणि लाल-काळ्या गुंजा या विषारी आहेत. गुंजा दिसायला इतक्या गोड, की मूल तोंडात घालणारच. तेव्हा त्या पिशवीत येताच कामा नयेत. मी वर गुंजेएवढे खडे म्हटलं ते मापापुरतंच! पान उचलायच्या आधी काडीनं उलटं करून बघायचं. केसाळ सुरवंट बहुधा खालच्या बाजूला असतो आणि अंगाला लागला की आग आग होते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात हात घालायचा नाही. हातापायाला जखम असेल तर मुळीच नाही, लेप्टोची भीती असते. बसायच्या आधी जागेवर काच, टाचणी, तार नाही ना, ते मोठ्या माणसानं बघायचं. जिन्यात किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर फुलांचं चित्र मांडायचं नाही. पाकळ्या चुरल्या की पाय घसरतो आणि आमच्या चाळीत गुडघ्याच्या दुखण्याला तोटा नाही! घरी आल्यावर साबणानं हात धुवायचे, नखं आठवड्याला कापायची.

सामानाला खर्च शून्य. एक कापडी पिशवी आणि बियांसाठी बांगड्यांचा जुना डबा. रंग हवाच असेल, तर तांदळाचं पीठ, हळद, विटेचा चुरा, विझलेला कोळसा. पीठ मुंग्या खाऊन जातात, बाकीचं मातीत मिळतं. डिंक, चमकी, थर्माकोल यांना आमच्याकडे बंदी आहे, कारण ते उरतं आणि मग झाडणाऱ्या बाईच्या वाट्याला येतं.

झाडणाऱ्या बाईवरून आठवलं. सुरुवातीला सकाळी ती झाडू घेऊन आली, की ठकी चित्रापुढे हात पसरून उभी राहायची. तेव्हा मी तिला सांगितलं, "आपला खेळ संपला, की तो आपणच आवरायचा. मावशींना आधीच कमी काम आहे का?" आता खेळ आटोपला, की आम्ही दोघी पानं बुंध्याशी नेऊन टाकतो. "झाडाला परत दिलं," असं ठकी म्हणते. पानं कुजून खत होतं, हे तिला नंतर कळेलच. आवरणं हाही चित्राचाच भाग आहे, हे मात्र तिला आत्ताच कळलंय आणि कधीकधी वाटतं, चाळीतल्या काही मोठ्या माणसांपेक्षा लवकर कळलंय!

एक नियम मी माझ्यापुरता केला आहे, तो पाळायला सगळ्यात अवघड. आपण बोलायचं नाही. 'मोराची मान जरा लांब कर', 'इथं पिवळं छान दिसेल', हे ओठांवर येतं आणि मी वालाच्या डाळिंबीसारखं दाताखाली धरते. 'हे काय काढलंस?' असंसुद्धा विचारत नाही. 'मला सांग ना याची गोष्ट' एवढंच म्हणते. गोष्ट अशी काही निघते, की विचारू नका.

जूनपर्यंत चाळीतली आणखी पाच-सहा पोरं जमायला लागली. पोरं जमली म्हणजे मोठी माणसं आलीच. कुणी म्हणालं, आपण स्पर्धा ठेवू, पहिल्या तिघांना बक्षिसं देऊ. हेतू चांगला होता, पण मी हात जोडले. म्हटलं, बाबांनो, नंबर लावायला बाकी सगळं जग मोकळं आहे. एवढं एक आवार राहू द्या बिननंबराचं. फोटोचंही तसंच. सूनबाई ऑफिसातून 'आज काय केलंत?' विचारते, तिच्यासाठी एक फोटो काढतो, तो हक्क तिचा आहे. पण आधी चित्र आणि मग फोटो. फोटोसाठी चित्र सुरू झालं, की पोरं पानाकडे बघायचं सोडून मोबाईलकडे बघायला लागतात.

आणि मग आश्विन आला, भोंडला आला. दरवर्षी आमच्याकडे पाटावर तांदळानं हत्ती काढतात आणि भोवती फेर धरतात. या वर्षी मी म्हटलं, हत्ती मुलांनी करायचा, आवारात, पानांचा. मुलं दुपारभर खपली. बदामाची मोठी पानं अंगाला, पिंपळपानांचे कान, अशोकाच्या लांब पानांची सोंड, झेंडूची झूल. कुणीतरी काकू सहज म्हणाल्या, "अगं बाई, हत्ती हिरवा?" माझ्या काळजाचा ठोका चुकला. ठकीनं वरसुद्धा बघितलं नाही. सोंडेचं टोक नीट वळवत म्हणाली, "पानांचा आहे ना, म्हणून हिरवा." त्या संध्याकाळी पंधरा बायका आणि तेवढीच मुलं हिरव्या हत्तीभोवती फेर धरून गात होती. खिरापत ओळखायची राहिली बाजूला, जो तो हत्तीच बघत होता. रात्री पाऊस आला आणि हत्ती गेला. सकाळी ठकीनं खिडकीतून पाहिलं, म्हणाली, "पावसानं नेला. त्याला पण आवडला असेल," आणि दूध पिऊन शाळेत गेली.

रंगाची पेटी आता उघडली आहे का, असं तुम्ही विचाराल. अधूनमधून उघडते. रेषेबाहेर रंग अजून जातो आणि शेराही येतो. पण 'मला येत नाही' हे वाक्य बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही. मला तेवढं पुरे आहे.

एक काळजी मात्र मनात घर करून आहे. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. परळ-लालबागच्या बहुतेक चाळींची तीच कथा. मोठी खोली मिळेल, घरात संडास मिळेल, लिफ्ट मिळेल. गुडघे धरून जिना चढणाऱ्या बाईनं याला नको म्हणावं, असं मी कधीच सांगणार नाही. पण सभेत रंगीत नकाशा दाखवला, तेव्हा मी उभी राहून विचारलं, "बदामाचं झाड यात कुठे आहे?" क्षणभर सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग उत्तर आलं, "आजी, तिथं पोडियमवर लँडस्केप गार्डन आहे ना!"

असेल. पण कुंडीतली झाडं तळहाताएवढी लाल पानं गाळत नाहीत. वाऱ्यानं चित्र नेलं तर नेऊ दे, लाटेनं डोंगर नेला तर नेऊ दे, ते उद्या पुन्हा होतं. झाड मात्र उद्या पुन्हा होत नाही. रोज नवं क्षणिक चित्र काढायचं, तर त्याच्या मागे पन्नास वर्षं एका जागी उभं असलेलं काहीतरी लागतं. तिथं मी 'जाऊ दे' म्हणणार नाही. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांच्या रक्षणासाठी १९७५ पासून कायदा आहे. झाड पाडायचं किंवा हलवायचं, तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि लोकांना हरकत घेता येते. हे मी चाळीतल्या बायकांना समजावून सांगितलं. आम्ही एक अर्ज लिहिला आहे. त्यात पुनर्विकासाला विरोध नाही. झाड आवाराच्या कडेला आहे, ते जागेवर ठेवूनच नकाशा करावा, एवढंच मागणं आहे. अठ्ठावीस जणींनी सह्या केल्या. ठकीला सही येत नाही, म्हणून तिनं खाली एक पान काढलं. खडूनं. हिरवं.

तुमच्याही आवारात, गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या भिंतीला लागून असं एखादं झाड असेल. त्याचं नाव काय, ते कधी फुलतं, कधी पानं गाळतं, हे या आठवड्यात विचारून घ्या. मग एखाद्या दुपारी नातवंडाला घेऊन त्याच्याखाली बसा. सोबत निवडायला भाजी न्या, म्हणजे हात गुंतलेला राहील आणि जीभ आपोआप आवरेल.